तापाच्या रिपोर्टमधली प्रथिने कशी वाचायची: सीआरपी, ईएसआर, फेरिटिन, अल्ब्युमिन

कोकणात भातलावणीच्या दिवसांत डेंगी, लेप्टो (उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि मलेरियाचे रुग्ण एकाच वेळी दवाखान्यात येतात. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) जोडीला सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारे प्रथिन) लिहून दिलेली असते. रिपोर्टवरचा ठळक आकडा बघून घरातले घाबरतात किंवा आकडा लहान दिसला म्हणून निर्धास्त होतात. दोन्ही चूक, कारण ताप कधी चढला हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

जंतू शिरले की पांढऱ्या पेशी सायटोकाइन नावाची छोटी प्रथिने सोडतात. त्यांतले इंटरल्युकिन-६ यकृतापर्यंत पोचले की यकृत सीआरपी आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारे प्रथिन) जास्त बनवू लागते, अल्ब्युमिन (रक्तातले पाणी वाहिन्यांत धरून ठेवणारे प्रथिन) कमी. खुद्द सायटोकाइन मोजण्याची तपासणी महाग असते आणि साध्या तापात तिची गरज पडत नाही. सीआरपीवरून त्यांचा अंदाज येतो.

सर्वांत आधी एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर छापतात, काही प्रति डेसिलिटर. १२ मिग्रॅ/डेलि म्हणजे १२० मिग्रॅ/लि. चिपळूणचा एक आणि रत्नागिरीचा दुसरा रिपोर्ट शेजारी ठेवून ‘सीआरपी दहापट वाढला’ असा घोळ इथेच होतो. सर्वसाधारण मर्यादा ५ ते १० मिग्रॅ/लि. धरतात.

मग वेळ. सीआरपी वाढायला सहा-आठ तास लागतात आणि तो कळसाला पोचतो साधारण दोन दिवसांनी. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला आणि रात्रीच रक्त दिले, तर आकडा नॉर्मल येऊ शकतो. उतरताना त्याचे अर्धे आयुष्य (निम्मा व्हायला लागणारा वेळ) सुमारे १९ तास असते. म्हणजे औषध लागू पडले, तर आकडा रोज जवळजवळ निम्मा व्हायला हवा. दोन-तीन दिवसांनीही तो हलत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. दुसरी तपासणी त्याच लॅबमध्ये करा. यकृत फार बिघडलेले असेल किंवा संधिवातासाठी टोसिलिझुमॅब (इंटरल्युकिन-६ चे काम अडवणारे औषध) चालू असेल, तर जंतुसंसर्ग असूनही सीआरपी वाढत नाही. ही माहिती न विचारता सांगावी.

लेप्टोत सीआरपी बहुधा बराच चढतो, डेंगीत बेताचा. पण त्यावरून निदान होत नाही. डेंगीची एनएस-१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत करतात, आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधणारी) त्यानंतर. पायाला जखम असताना चिखलात उतरलात का, हे डॉक्टरांना सांगणे सीआरपीपेक्षा मोलाचे.

डेंगीत खरे लक्ष अल्ब्युमिन आणि हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर) हवे. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा (रक्तातला द्रव) पाझरतो, तेव्हा अल्ब्युमिन ३.५ ग्रॅम/डेलिच्या खाली जाते आणि हिमॅटोक्रिट मूळ पातळीच्या २० टक्के किंवा जास्त वाढतो. हे ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान घडते. नेमके तेव्हाच घरचे ‘आता बरा झाला’ म्हणतात. पोटात सतत दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, यातले काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठा. अल्ब्युमिन वाढावे म्हणून अंड्यांचा मारा करू नका. या दिवसांत पेज आणि कुळथाचे कढण पोटात राहिले तरी पुष्कळ. पाझर थांबला की आकडा आपोआप सावरतो.

ईएसआर (नळीत लाल पेशी तासाभरात किती खाली बसतात त्याचे मोजमाप) मंद चालतो: आजार गेल्यावरही काही आठवडे वाढलेलाच राहतो, शिवाय रक्तक्षय आणि गरोदरपणात उगाच चढतो. खोलीच्या तापमानाला नमुना चार तासांच्या आत लावावा लागतो. गावातल्या संकलन केंद्रातून नमुना शहरात जात असेल तर किती वेळ लागतो ते विचारा.

फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) तापात वाढते. लोह कमी असलेल्या बाईचेही ५० नॅनोग्रॅम/मिलि येऊन ‘लोह ठीक’ असा समज होतो. ताप जाऊन काही आठवडे झाल्यावर पुन्हा करावे.

एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन (प्रतिपिंडे वगैरे उरलेली प्रथिने) मिळते. ते बरे झाल्यावरही महिन्या-दीड महिन्याने चढेच असेल, तर डॉक्टर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिने वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागून दाखवणारी तपासणी) सांगतात. त्याला सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) लागते, म्हणजे लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या प्लाझ्मात फायब्रिनोजेन उरते आणि त्याचा पट्टा पाहून फसगत होते. रक्त घेताना दंडाला बांधलेला पट्टा मिनिटाहून जास्त आवळला तरी प्रथिने खोटी वाढतात.

हृदयाच्या धोक्यासाठीची हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (अगदी लहान आकडेही मोजणारी तपासणी) तापात करूच नये. तिथे १ आणि ३ मिग्रॅ/लि. या रेषा महत्त्वाच्या; साधी सर्दीही त्या ओलांडायला लावते. आकडा १० च्या वर आला, तर किमान दोन आठवडे थांबून पुन्हा करा.