शॉर्ट शिफ्टर घेताय? आधी या चुका टाळा

"काका, तीस टक्केवाला घेऊ की चाळीस?"

शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअर टाकताना हाताचा प्रवास कमी करणारा किट, हवा असलेल्यांच्या फोनची सुरुवातच अशी होते. गाडी कुठली, गिअरबॉक्स कुठला, किती चालली आहे, कशाचा पत्ता नाही. थेट टक्के, म्हणजे प्रवास किती कमी होणार तो आकडा. मी विचारतो, "आत्ता गिअरला त्रास काय आहे?" पलीकडे शांतता. मग हळूच, "त्रास असा नाही... पण थोडं ढिलं वाटतं."

गेली काही वर्षं मी हौसेने मित्रांच्या आणि मित्रांच्या मुलांच्या गाड्या उघडतोय. बहुतेक पोलो, ऑक्टाव्हिया, हल्ली स्लाव्हिया आणि व्हर्टस. खऱ्या अर्थाची दोन सीटची स्पोर्ट्स कार आपल्याकडे किती जणांच्या दारात असते? आपली स्पोर्ट्स कार म्हणजे चाकण किंवा संभाजीनगरहून निघालेली, मॅन्युअल गिअरची आणि मालकाने जिवापाड जपलेली. तर त्याच त्याच चुका बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

टक्क्यांची भूल

शॉर्ट शिफ्टर म्हणजे जादू नाही, तरफ आहे. शाळेत शिकलेली, टेकू असलेली तरफ. गिअरच्या दांड्याचा टेकूच्या वरचा भाग तुमच्या हातात, खालचा भाग गिअरबॉक्सच्या कामाला. टेकू वर सरकवला किंवा खालचा भाग लांब केला, की हाताचा प्रवास कमी होतो. पण आत गिअर बसायला लागणारं काम तेवढंच राहतं. अंतर कमी केलं की जोर वाढणार, त्यात सवलत नाही.

समजा आज तुमचा हात दहा सेंटिमीटर फिरतो आणि साडेतीन किलोचा जोर लागतो. ३० टक्केवाला किट बसवला तर हात सात सेंटिमीटर फिरेल आणि जोर लागेल पाच किलो. ५० टक्केवाल्याला सरळ दुप्पट. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो, दुसरा नसतोच.

केबलवाल्या, म्हणजे दांड्याची हालचाल केबलने गिअरबॉक्सपर्यंत नेणाऱ्या, गाड्यांमध्ये अजून एक गंमत आहे. प्रवास दोन ठिकाणी कमी करता येतो: केबिनमधल्या दांड्याच्या बुडाशी, किंवा गिअरबॉक्सच्या डोक्यावर जो छोटा आर्म केबल ओढते तो आखूड करून. एका हौशी मुलाने दोन्ही केलं. तीस आणि तीस. त्याला वाटलं साठ टक्के झाले. ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.४९, म्हणजे प्रवास निम्म्यावर आला आणि जोर दुपटीवर गेला. थंडीत सकाळी पहिला गिअर टाकताना तो दोन्ही हात लावायचा.

माझं मत विचाराल तर २० ते ३०. त्यापलीकडे फक्त ट्रॅकवर जाणाऱ्यांनी जावं, आणि त्यांना माझा लेख वाचायची गरज नाही.

आजार एक, औषध दुसरं

ही माझी लाडकी चूक. दर दुसरा माणूस करतो.

नाशिकहून एक मुलगा आला होता. पोलो जीटी टीडीआय, २०१४ ची, लाखाच्या वर चाललेली. किट आधीच मागवलेला, खोक्यासकट मागच्या सीटवर. म्हणाला, "काका, बसवून द्या, संध्याकाळी परत निघायचंय." मी गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आणली. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की गिअरचा दांडा मान डोलावत होता. दुसऱ्यात टाकताना नक्की कुठे शिरला ते हाताला कळत नव्हतं. आणि तिसरा घाईत टाकला की किर्रर्र.

बोनेट उघडलं, गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, घेतली. इंजिन-गिअरबॉक्सला डोलू न देणारं खालचं डॉगबोन माउंटिंग, ज्याला आपले मेस्त्री सरसकट फाउंडेशन म्हणतात, त्याचं रबर भाकरीसारखं फाटलं होतं. डिझेलचा २५० न्यूटन मीटरचा टॉर्क इतकी वर्षं खाल्ल्यावर रबर थकणारच. आता बघा, केबलचं एक टोक केबिनमध्ये, दुसरं गिअरबॉक्सवर. इंजिन-गिअरबॉक्स पुढेमागे डोलायला लागलं की केबलही त्याच्याबरोबर हलते, आणि ते तुमच्या हाताला ढिलेपणा म्हणून जाणवतं. वर केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश (टोक घट्ट बसवणारी बारीक कडी) झिजून अंडाकृती झाला होता.

यावर शॉर्ट शिफ्टर बसवला असता तर काय झालं असतं? किट गिअरबॉक्सवरचा आर्म आखूड करणारा असेल, तर ढिलेपणा मिलिमीटरमध्ये तेवढाच, पण एकूण प्रवास लहान. म्हणजे प्रमाणात ढिलेपणा वाढला असता! हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, "पण बसवता येईल ना?"

बसवला नाही. डॉगबोन बदललं, बुश बदलला, केबलची सेटिंग केली. गाडी चालवून आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता. तिसऱ्या गिअरची किरकिर मात्र राहिली, कारण ती सिंक्रोची होती. ही पितळी रिंग घासून गिअरचा आणि शाफ्टचा वेग जुळवते आणि मगच दात शिरू देते. ती झिजली की तिला वेळ लागतो. शॉर्ट शिफ्टर नेमका तोच वेळ काढून घ्यायला बघतो. त्याला सांगितलं, तिसऱ्यात हळू टाक किंवा पैसे साठवून गिअरबॉक्स उघड. तो खोका अजून माझ्या कपाटावर आहे.

किट मागवण्याआधी मी कुठल्याही गाडीवर तीन गोष्टी बघतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे जातात, पण चालू केल्यावर अडतात? मग क्लच पूर्ण सुटत नाही. क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा आहे का ते बघा. हळू टाकला की जातो, घाईत किरकिरतो? सिंक्रो. सकाळी जड आणि वीस मिनिटांनी मोकळा? ऑइल. तिन्हीतलं काही नसेल तरच पुढचं बोलू.

ऑइलवरून आठवलं. "गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं असतं" असं म्हणणारे आहेत. आयुष्य कोणाचं, ते सांगत नाहीत. मी साठ-सत्तर हजारांना बदलतो. आणि गाडीच्या माहितीपुस्तकात जीएल-४ हा ऑइलचा दर्जा लिहिला असेल तर जीएल-४ च घाला. दुकानदार "हे त्याच्यापेक्षा भारी" म्हणून जीएल-५ पुढे करेल. ते डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांकडे ताकद वाटणाऱ्या भागाच्या, दातांसाठी भारी असतं; सिंक्रोला थोडं घर्षण हवं असतं, आणि त्या तेलातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत.

न्यू जर्सीतल्या भाच्याची गोष्टही याच माळेतली. त्याच्याकडे जुनी, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५. तिच्यात केबलच नाही, गिअरचा दांडा सरळ गिअरबॉक्सवर उभा, आणि त्याच्या बुडाशी स्वतःचं थोडंसं वेगळं ऑइल. शॉर्ट शिफ्टर बसवायला म्हणून त्याने दांडा उपसला आणि मला व्हिडिओ कॉल केला. आतलं छोटं रबर बूट (आवरण) फाटलेलं, बुशचा चुरा, ऑइलच्या जागी काळा चिखल. म्हटलं, आधी बूट, बुश आणि ऑइल बदल, तोच जुना दांडा परत लाव आणि आठवडाभर चालव. आठव्या दिवशी मेसेज आला: "मामा, किट परत पाठवतोय."

गाडीच्या नावावरून खरेदी

पोलो ही एक गाडी नाही. एमक्यू-२०० आणि एमक्यू-२५० हे दोन वेगळे गिअरबॉक्स आहेत. आकडा म्हणजे किती न्यूटन मीटर सोसण्यासाठी बनवलाय तो. गिअरबॉक्सचा कोड बघून मागवा, गाडीचं नाव बघून नाही. एकाने १.२ च्या जीटी टीएसआयसाठी किट मागवला होता. ती गाडी फक्त डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये यायची. क्लचचं पेडलच नाही!

लेथवाल्याकडून करून घेतो

करू नका. लेथवाल्याबद्दल मला आदर आहे, माझी निम्मी हत्यारं त्याच्याकडची आहेत. पण दांडा कापून, वेल्ड मारून, वर नॉब बसवला की तो एक दिवस हातात येतो. ताम्हिणीत आला होता. माझ्या नाही, मी बाजूला बसलो होतो. उरलेला घाट तिसऱ्यात.

केबलची सेटिंग "नंतर बघू"

आता माझीच फजिती. गाडी जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, वीस व्हॉल्व्ह, पाच गिअर. तेव्हा मी नवशिका होतो आणि नवशिक्यांची घाई आज मला का सहन होत नाही, याचं उत्तर पुढे आहे.

किट असा होता की पुढे-मागे प्रवास कमी, आणि आडवाही कमी. म्हणजे पहिला-दुसरा, तिसरा-चौथा आणि पाचवा या तीन गल्ल्या एकमेकींच्या जवळ आल्या. ऐकायला छान. बसवायला दीड तास लागला. सेटिंगला अजून अर्धा तास लागला असता, पण अंधार पडला होता, मच्छर होते, आणि सगळे गिअर पडत तर होते. "नंतर बघू."

दोन दिवसांनी सोलापूर रस्त्याला, पाचव्यात, ताशी १२० च्या आसपास. पुढे ट्रक. ओव्हरटेक करायला चौथा हवा होता. दांडा डावीकडे आणि मागे ओढला. जुनी सवय, जुना जोर. पण गल्ल्या आता जवळ होत्या आणि केबल किंचित डावीकडे सरकलेली. दांडा चौथ्याची गल्ली ओलांडून दुसऱ्यात गेला, आणि मी क्लच सोडला.

त्या वेगाला दुसरा गिअर म्हणजे इंजिनाचे मिनिटाला आठ हजारांच्या आसपास फेरे. इथे फेऱ्यांवर मर्यादा ठेवणारा रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, कारण तो फक्त पेट्रोल तोडतो, आणि इंजिन पेट्रोलवर फिरतच नव्हतं. चाकं त्याला फरफटत फिरवत होती. पुढची चाकं किंचाळली, मी क्लच परत दाबला, पण तेवढा क्षण पुरला. हेड उघडल्यावर कळलं, विसांपैकी चार व्हॉल्व्ह वाकलेले. टोचनवर गाडी परत पुण्यात आणताना चालकाने विचारलं, "काय झालं साहेब?" मी म्हणालो, "बेल्ट तुटला." खरं सांगायची लाज वाटली.

म्हणून आडवा प्रवास कमी करणारा किट मी कोणालाही देत नाही. आणि सेटिंग झाल्याशिवाय चावी मालकाला देत नाही, मग मध्यरात्र होवो.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या या केबलवाल्या गिअरबॉक्सची सेटिंग अवघड नाही, फक्त शांतपणे करायची असते. गाडी न्यूट्रलमध्ये. दोन्ही केबलच्या टोकांवरच्या स्प्रिंगवाल्या कॉलर ओढून फिरवल्या की केबल मोकळ्या होतात. गिअरबॉक्सवरचा सिलेक्टर शाफ्ट (गिअर निवडणारी उभी सळई) खाली दाबून शेजारचा वाकडा छोटा खटका फिरवला की तो तिथेच लॉक होतो. मग केबिनमध्ये दांड्याचं बूट वर करून त्याच्या बुडाशी असलेल्या भोकात पिन. कंपनीची पिन वेगळी असते, मी साडेचार मिलिमीटरचं ड्रिल बिट वापरतो. आता दोन्ही टोकं आपापल्या जागी बांधली गेली. कॉलर सोडा, त्या स्वतःच केबल पकडतात. पिन काढा, खटका परत. पिन काढायची विसरून गिअर टाकणारे मी पाहिलेत, नावं घेत नाही.

त्यानंतर मी दांडा नुसता सोडून बघतो. न्यूट्रलमध्ये तो आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या गल्लीत उभा राहिला पाहिजे. मग गाडी घोड्यांवर ठेवूनच सगळे गिअर दहा-दहा वेळा. रिव्हर्स पंधरा वेळा, कारण तो पहिल्याच्या शेजारी आहे.

किरकोळ, पण रोजच्या

गिअरबॉक्सवरच्या मूळ आर्मला एक जड वजन असतं. "फालतू वजन" म्हणून ते काढणारा किट घेऊ नका. त्या वजनाच्या झोकानेच गिअर गुळगुळीत शिरतो.

सगळीकडे धातूचे बुश बसवले की गिअर घट्ट होतो आणि दांडा मधमाशीसारखा गुणगुणतो. सहन होत असेल तर बसवा.

प्लास्टिकच्या क्लिपा पक्कडने ओढू नका. तुटतात. मग झिप टाय. मग मला फोन.

केबलच्या आत तेल सोडू नका, धूळ चिकटते. ग्रीस फक्त टोकाच्या गोळीला, आणि रबर असेल तिथे सिलिकॉनचं.

एकदा जड नॉब लावून बघा. निम्म्या लोकांचं समाधान तिथेच होतं, आणि न आवडल्यास तो पाच मिनिटांत निघतो.

गाडी आणखी कोण चालवतं?

हे मी कोणालाच विचारायचो नाही, स्वतःलाही नाही. नंतरच्या गाडीला मी व्यवस्थित, सेटिंग वगैरे करून, ३० टक्केवाला बसवला. मी खूश. रविवारी पहाटे वरंधा, रस्ता रिकामा, गिअर बंदुकीच्या चापासारखे. सोमवारी ती गाडी बायकोने नेली. कर्वे रोड, संध्याकाळचे साडेसहा, पहिला-दुसरा-पहिला-दुसरा, आणि वर सांगितलेले ते जवळपास दीडपट जोराचे गणित दर शंभर फुटाला.

घरी आल्यावर तिने चावी टेबलावर ठेवली, उजवा... नाही, डावा खांदा चोळला आणि म्हणाली, "तुझा तो दांडा छान आहे. उद्यापासून दळण, भाजी आणि आईची फिजिओथेरपी, सगळं तूच."

मंगळवारी रात्री मूळ दांडा परत बसवला. सेटिंगसकट.