तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी सजवा जेवणाचं टेबल

तिसऱ्या म्हणजे दोन शिंपल्यांत राहणारे, मासळीबाजारात मिळणारे जीव. त्यांचं एकशिपी (एक खास कालवण) करायचं म्हणजे मांस एका शिंपल्यात ठेवायचं आणि दुसरा शिंपला काढून टाकायचा. बाजारातून दोन वाटे आणले की सिंकपाशी शिंपल्यांचा ढीग लागतो. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं कचऱ्यात जात होता. आता मी त्यासाठी वेगळी बादली ठेवते. शंखशिंपल्यांची सजावट म्हटलं की मुंबईकराला आधी चौपाटी आठवते, पण माझं ऐकाल तर सुरुवात स्वयंपाकघरातून करा. खाऊन उरलेले शिंपले एकसारख्या आकाराचे असतात, भरपूर मिळतात आणि त्यांच्यापायी समुद्रातून वेगळं काही काढावं लागत नाही.

त्यांच्या जोडीला थोडे शंख आणि वेगळ्या रंगाचे शिंपले हवेत. तेवढ्यासाठी किनाऱ्यावर जा, ओहोटीची वेळ बघून. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत लांब मागे जातं. जुहू, वर्सोवा किंवा गोराईच्या वाळूवर भरतीने सोडलेली कचऱ्याची रेघ दिसते, तिच्या कडेने चालत राहा. आक्साला गेलात तर कोरड्या वाळूवरच थांबा. तिथे पाण्यात उतरणं जिवावर बेततं.

शंख उचलला की लगेच पिशवीत टाकू नका. ओल्या वाळूवर ठेवून दोन मिनिटं शांत बसा. आत छोटा खेकडा राहत असेल तर पाय बाहेर येतात. रिकामे शंख हेच या खेकड्यांचं घर असतं, त्यामुळे अख्खे, चांगले शंख मी दोन-तीनच घेते आणि बाकीचे तिथेच सोडते. घट्ट मिटलेला जोडशिंपला जिवंत असू शकतो, त्यालाही हात लावू नका. हाजी अलीजवळच्या खडकांवरून तर काहीच उचलू नये, तिथे सगळं जितं-जागतं आहे. एकदा नुसतं बघायला मात्र जरूर जा. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा २०१७ पासून चाललेला नागरिकांचा उपक्रम लोकांना किनाऱ्यावर नेऊन हे जीव दाखवतो. दुकानातले मोठे, चकचकीत शंख विकत घेणं टाळा. त्यांतल्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे.

आता सफाई. सगळं यश यावर आहे, कारण वास राहिला तर टेबलावर कुणी बसणार नाही.

शिंपल्याला आतून चिकटलेला मांसाचा तुकडा आणि बिजागरीपाशी असलेली तपकिरी पट्टी सुरीच्या टोकाने काढा. शिंपले दोन दिवस साध्या पाण्यात भिजत घाला, पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. मग जुन्या टूथब्रशने घासा. तरीही वास येत असेल तर एक भाग ब्लीच आणि चार भाग पाणी करून त्यात दोन-तीन तास ठेवा, त्यापेक्षा जास्त नको, रंग उडतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्या बादलीत संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. लिंबू किंवा व्हिनेगरने घासायचा सल्लाही मानू नका. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की तो विरघळायला लागतो आणि आतली मोत्यासारखी झाक जाते. शेवटी स्वच्छ पाण्यात खळखळून, सावलीत दोन दिवस वाळवा. पावसाळ्यात चार दिवस धरा.

आता मुख्य वस्तू करू, टेबलाच्या मधोमध ठेवायचं कडं. काथ्याचं जुनं गोल टेबलमॅट घ्या, साधारण ३० सेंटीमीटरचं. मधे काचेचा उंच ग्लास ठेवून त्याच्याभोवती पेन्सिलने गोल काढा, ती जागा मोकळी राहील. डिंक लावायच्या आधी सगळे शिंपले कोरडेच मांडून बघा. मोठे शिंपले बाहेरच्या कडेला, सगळे एकाच दिशेला कललेले, एकाची कड दुसऱ्यावर, जशी घरावर कौलं बसवतात तशी. आतली ओळ लहान शिंपल्यांची, पण उलट्या दिशेने. फटींत बारीक शंख बसतात. मांडणी मनासारखी झाली की मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे उचलल्यावर गोंधळ होत नाही. मग बाहेरून आत फेव्हिकॉलने चिकटवत या आणि रात्रभर हलवू नका. ग्लू गनने काम झटपट होतं, पण तो गोंद उष्णतेने मऊ पडतो, म्हणून दिव्याजवळ मी वापरत नाही. चमक हवी असेल तर बेबी ऑइलचा थेंब कापसाने फिरवा, तोही चिकटवून झाल्यावरच. तेलकट शिंपल्याला गोंद धरत नाही. मधल्या ग्लासात तळाला थोडं पाणी आणि वर तरंगती मेणबत्ती. काथ्या पेटतो, तेव्हा उघडी पणती नको.

बाल्कनीत जेवायला बसलात की वाऱ्याने टेबलक्लॉथ उडतं. किनाऱ्यावर कधीकधी नेमकं गोल, कडा घासल्यासारखं भोक असलेले शिंपले सापडतात. शिकारी गोगलगाय आतला जीव खाण्यासाठी ते भोक पाडते. अशा चार-पाच शिंपल्यांत सुती दोरा ओवून गाठ मारा आणि टेबलक्लॉथच्या प्रत्येक कोपऱ्याला सेफ्टी पिनने अडकवा. ड्रिलची गरजच पडत नाही.

कालवाचा (ऑयस्टरचा) खोलगट शिंपला मिळाला तर त्यात मेण भरून दिवा होतो. उरलेल्या मेणबत्त्या एका भांड्यात घेऊन ते भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको. वात मधोमध उभी धरून ओता. पेटवताना शिंपला वाळू भरलेल्या ताटलीत टेकवा, तापतो आणि कलंडतोही.

सजावट उघड्यावरच राहू द्या, अधूनमधून कोरड्या ब्रशने धूळ झटका. बंद लाकडी कपाटात ठेवली तर लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने आणि आपल्या दमट हवेने शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरते, आणि ती झीज भरून येत नाही. जागाच नसेल तर प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, तळाला कोरडा सुती कपडा घालून.