झाडावरची खवलेकीड: फवारणीची वेळ कशी साधावी

सोसायटीतल्या झाडाखाली लावलेल्या गाड्यांच्या काचा रोज चिकट होतात, पानांवर काजळी धरते, खोडावरून मुंग्यांची रांग चढते. असं दिसलं की फांद्या जवळून बघा. चाफा, फायकस, जास्वंद यांच्या फांद्यांवर तपकिरी किंवा पांढुरके फोड असतील आणि ते नखाने खरवडून निघत असतील, तर ती खवलेकीड. काही कडक खवल्यांच्या जाती मात्र चिकटा, म्हणजे किडीच्या अंगातून गळणारा गोड चिकट रस, सोडत नाहीत. तिथे पानं पिवळी पडणं आणि फांदी वाळणं एवढीच खूण मिळते.

आधी एक खवला नखाने दाबा. ओला रस निघाला तर कीड जिवंत आहे, कोरडा भुगा झाला तर मेलेली. मेलेले खवले कित्येक महिने फांदीवर तसेच राहतात आणि ते पाहून लोक विनाकारण औषध मारत राहतात. खवल्याला बारीक गोल भोक असेल, तर त्यात परोपजीवी माशी वाढून बाहेर पडलेली असते. अशा झाडावर फवारणी नकोच.

आता खरी मेख. मोठ्या किडीवर खवल्याची ढाल असते, औषध आत पोचत नाही. पिल्लं मात्र अंड्यातून निघाल्यावर थोडा काळ उघडी फिरतात, आणि तेवढीच आपली संधी. जिवंत खवल्यांजवळच्या फांदीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळा आणि दर तीन-चार दिवसांनी भिंगातून पाहा. टेपवर पिवळे-नारिंगी ठिपके दिसले, की पिल्लं निघाली.

मग फवारा. एक लीटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण नीट ढवळा. आधी चार पानांवर मारून दोन दिवस थांबा. पानं करपली नाहीत, तर संध्याकाळी पानांची खालची बाजू आणि फांद्या भिजवा. सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारायचं, गरज पडल्यास तिसऱ्यांदाही.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात आणि कीड खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड भुंगेऱ्यांना) हुसकावतात. या ढालकिड्यांची ताकद मोठी आहे: १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून नेलेल्या ढालकिड्यांनी कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबाच्या बागा खवलेकिडीपासून वाचवल्या. म्हणून खोडाला कागदी पट्टा बांधून त्यावर चिकट लेप लावा आणि शेजारच्या झाडाला टेकणाऱ्या बारीक फांद्या काढा. फुलावर आलेल्या झाडाला मुळांतून भिनणारं कीटकनाशक मी कधीच देणार नाही, मधमाश्या त्यात मरतात. युरियाही आवरा, कोवळी रसरशीत फूट किडीला हवीच असते.

सायकस (ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड) असेल तर जास्त जपा. त्याच्यावरची पांढरी खवलेकीड मुळांवरही राहते, त्यामुळे नुसती पानं धुऊन भागत नाही. फार माखलेली पानं कापून पिशवीत बंद करून टाका, खताच्या खड्ड्यात नको. मोठ्या झाडाच्या फांद्या तोडायच्या असतील, तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या.