'नाखवा' आला कुठून? दर्यावरच्या शब्दाचा माग काढायची रीत

व्युत्पत्ती शोधायला बसलं की हात आधी कोशाकडे जातो, आणि पहिली चूक तिथेच होते. शब्द आज कोण, कशासाठी वापरतं ते आधी टिपा. 'नाखवा' म्हणजे जहाजाचा कप्तान, असं आपण सहज म्हणून जातो. कोळीवाड्यात मात्र होडीचा मालक तो नाखवा, होडी दर्यात नेणारा तो तांडेल आणि जाळी ओढणारे ते खलाशी. छोट्या होडीवर मालक आणि तांडेल एकच असतो, म्हणून ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो. तेव्हा "होडी कुणाची?" आणि "सुकाणूवर कोण?" हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे.

आता कोश. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दापुढे कंसात मूळ भाषेचं अक्षर असतं: एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी. एच म्हणजे हिंदुस्थानी, पण ती वाट झाली. शब्दाचं मूळ त्याही पलीकडे असू शकतं. फारसी असेल तर माधव जूलियनांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश पुढे ओढावा.

मग शेजारच्या बंदरांतली रूपं एका कागदावर एकाखाली एक लिहा. फारसी 'नाखुदा', अरबी 'नाखुधा', मलय आणि इंडोनेशियन 'नाखोदा', स्वाहिली 'नाहोधा'. इथे घाई करू नका, कारण वाट याच ओळींत दिसते. अरबी रूपातला 'ध' आपला धनुष्यातला नव्हे. जीभ दातांना लावून घासत काढलेला, इंग्रजी 'दॅट'च्या सुरुवातीचा तो आवाज. स्वाहिलीत हाच आवाज आहे, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शब्द अरबांकडून उतरला. मलयमध्ये साधा 'द' राहिला, म्हणजे तिकडचं रूप फारसीला जवळचं.

शब्द फोडताना मोह आवरा. नालायक, नापसंत यांच्यासारखाच 'ना' दिसतो, मग नाखुदा म्हणजे 'खुदा नसलेला' का? उर्दू शायरांनी खुदा आणि नाखुदा यांच्यावर भरपूर कोट्या केल्यात. त्या वाचायला छान, पण व्युत्पत्तीला निरुपयोगी. खरी फोड नाव + खुदा, नावेचा धनी. 'खुदा'चा इथला अर्थ धनी, मालक. फारसीत घरच्या किंवा गावच्या कारभाऱ्याला 'कदखुदा' म्हणतात त्यातलाच. आणि हो, फारसी 'नाव' संस्कृत 'नौ'ची लेक नाही. दोघी बहिणी, लॅटिन 'नाविस' आणि ग्रीक 'नाउस' त्याच गोतातल्या. 'शेवटी सगळं संस्कृतातूनच' हे वाक्य इथे लागू पडत नाही.

आता अडचणीची जागा. 'नाखुदा'तला 'द' मराठीत गेला कुठे? 'पाद'चा 'पाय' झाला तसाच, असं म्हणणं सोपं आहे. पण तो बदल प्राकृतातला, फार जुना. नंतर आलेल्या कायदा, फायदा, सौदा, जादू यांत 'द' ठणठणीत आहे. तेव्हा इथे नियम लावू नका. हाक मारून मारून पदव्या झिजतात, 'साहेब'चा 'साब' होतो, तसं झालं असावं. याला आधार सोमनाथच्या शिलालेखात सापडतो. १२६४मध्ये इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदराच्या नुरुद्दीन फिरोज या नाखुद्याने तिथे मशीद बांधली. लेख संस्कृत आणि अरबी अशा दोन्ही भाषांत आहे. संस्कृत मजकुरात वर्ष चार गणनांत दिलंय (हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५, सिंह १५१) आणि पदवी आखडून 'नाखु' एवढीच उरलीय. म्हणजे शब्द किनाऱ्यावर तेव्हाच झिजायला लागला होता. मात्र 'नाखु'पासूनच 'नाखवा' निघाला असं यावरून ठरत नाही. झीज जुनी आहे, एवढंच ठरतं.

अर्थ कसा सरकला तेही तारखेसकट पाहा. अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची यादी आहे. तीत नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी, वाट दाखवणारा मुअल्लिम वेगळा, आणि खलाशांचा मुकादम तांडेल. मालकीचा अर्थ कोकणात टिकला. इंडोनेशियात मात्र नाखोदा म्हणजे कप्तानच, आणि स्वाहिलीत फुटबॉल संघाचा कप्तानही नाहोधा.

शेवटी नोंद लिहिताना पक्कं आणि तर्काचं एकत्र कालवू नका. अशी:

नाखवा, पु. मासेमारी होडीचा मालक (कोळी). फारसी नाखुदा (नाव + खुदा, 'नावेचा धनी'). तुलना: मलय नाखोदा, स्वाहिली नाहोधा. 'द' लोप: नियमबाह्य, पदवीची झीज? लेखी आधार: नाखु, सोमनाथ, १२६४.