चालकविरहित बससेवा आखताना आधी काय मोजावे

चालकविरहित बस घ्यायचे ठरले की चर्चा वाहनाच्या निवडीपासून सुरू होते, पण सुरुवात मार्गापासून करावी. फ्रान्समधील लील शहरात १९८३ पासून चालकाविना मेट्रो धावते आहे. तिचा मार्ग स्वतंत्र असल्यामुळे तिच्यापुढे सायकलस्वार किंवा धावत आलेले मूल येत नाही. रस्त्यावर मात्र हे रोजचेच असते. स्वयंचलनाच्या ० ते ५ या पातळ्यांपैकी ४ थी पातळी म्हणजे ठरावीक हद्दीत आणि ठरावीक परिस्थितीत माणसाच्या मदतीविना चालणारे वाहन. म्हणून ती हद्द, पावसाचा जोर, रात्रीचा प्रकाश आणि वेगमर्यादा निविदेतच स्पष्ट लिहून घ्यावी.

यानंतर रिकाम्या फेऱ्यांचा हिशेब करावा, आणि तो कंटाळा न करता करावा, कारण पर्यावरणाचा खरा फायदा-तोटा इथेच ठरतो. समजा, बस दिवसाला १५० किलोमीटर धावते, त्यांतील ४५ किलोमीटर आगारात ये-जा करण्यात रिकामे जातात आणि उरलेल्या १०५ किलोमीटरांत सरासरी ४ प्रवासी असतात. किलोमीटरला ०.६ युनिट वीज धरली, तर एका प्रवाशाच्या एका किलोमीटरमागे सुमारे ०.२१ युनिट खर्च होते. चार्जिंगची जागा मार्गाच्या टोकाशी आणून रिकामी धाव १५ किलोमीटरवर आणली आणि सरासरी प्रवासी ६ झाले, तर तोच आकडा ०.११ वर येतो. वाहन तेच, पण विजेचा भार जवळपास निम्मा. सेन्सर आणि संगणक बस उभी असतानाही वीज घेतात, त्यामुळे माहितीपत्रकातील आकडा न धरता चार्जिंगच्या मीटरवरची नोंद घ्यावी.

सिग्नलला बसची चाहूल लागून हिरवा दिवा काही सेकंद लांबावा, ही सोय नवी बस येण्याआधीच करावी. तिचा लाभ आजच्या साध्या बसलाही मिळतो.

चालक केवळ स्टिअरिंग फिरवत नाही, हे आराखड्यात सर्रास विसरले जाते, आणि मला ते फार खटकते. व्हीलचेअरसाठी उतरती फळी लावणे, काठी टेकत येणाऱ्या आजींसाठी दार धरून ठेवणे, घेरी आलेल्या प्रवाशाकडे पाहणे, ही कामेही तोच करतो. थांब्याचा चौथरा बसच्या तळाशी समपातळीत बांधावा आणि उरलेल्या प्रत्येक कामापुढे ते कोण करणार हे लिहावे. रकाना रिकामा राहिला, तर त्या मार्गावर सहायक ठेवावा.

खासगी स्वयंचलित मोटारींसाठीही नियम आधीच हवेत. पार्किंगचे पैसे वाचवण्यासाठी मोटार रिकामीच फिरत राहिली, तर कोंडी वाढेल. स्टॉकहोमने २००६ मध्ये प्रायोगिक आणि २००७ पासून कायमस्वरूपी कोंडीशुल्क, म्हणजे शहराच्या गर्दीच्या भागात ये-जा करणाऱ्या मोटारींवरचे शुल्क, लावले, तेव्हा शुल्कक्षेत्राच्या सीमेवरील रहदारी सुमारे एक-पंचमांशाने घटली. तेच तत्त्व रिकाम्या किलोमीटरला लावावे.

चाचणीच्या काळात प्रवासी, रिकामी धाव, वीज आणि माणसाला हस्तक्षेप करावा लागलेले प्रसंग यांची रोजची नोंद लोकांसाठी खुली ठेवावी. त्या नोंदीत साधी, चालक असलेली विद्युत बस सरस ठरली, तर त्या मार्गावर तीच चालवावी.