जूनच्या खरेदीत कूपन आणि पॉइंटचा खरा हिशेब

शाळा उघडायच्या तोंडावर दुकानांत ‘३००० रुपयांच्या खरेदीवर ५०० चं कूपन’ असे फलक लागतात. पाचशे वाचले असं वाटतं, पण ते पुढच्या खरेदीत वाचणार असतात, आणि तेही अटी पाळल्या तर.

म्हणून आधी घरी यादी करा. कुठल्या विषयाला एकेरी, कुठल्याला दुरेघी, चौकटीची किती, शंभर पानी की दोनशे पानी. गेल्या वर्षीच्या अर्ध्या कोऱ्या वह्या आणि चांगली असलेली कंपासपेटी यादीतून वगळा. मग जवळच्या स्टेशनरीवाल्याला विचारा, डझनाने घेतल्यास छापील किमतीवर किती टक्के सोडणार? पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला हाच प्रश्न दोन-तीन दुकानांत विचारावा. मिळालेला रोख सुटीचा टक्का ही तुमची मोजपट्टी.

आता कूपन मोजा. त्याची मागची बाजू वाचा: ‘१ ते १५ जुलै, किमान १५०० च्या खरेदीवर, पुस्तकं वगळून’. म्हणजे आज ३००० दिले, जुलैत १५०० च्या मालाला १००० दिले. ४५०० चा माल ४००० ला पडला. सूट झाली ११ टक्के. स्टेशनरीवाला १५ टक्के सोडत असेल तर तोच माल त्याच्याकडे ३८२५ ला येतो. आणि जुलैत घ्यायचं काही नसेल, तर कूपन वाया जाऊ नये म्हणून आणलेली तिसरी पाण्याची बाटली हा सरळ तोटा.

दुकानाच्या कार्डावर खरेदीमागे जमणाऱ्या पॉइंटचं गणित आणखी बारीक असतं. समजा शंभर रुपयांना २ पॉइंट आणि एका पॉइंटचे ५० पैसे, तर सूट फक्त १ टक्का. त्यात किमान २०० पॉइंट साठल्याशिवाय वापरता येत नसतील, तर आधी १०,००० ची खरेदी व्हायला हवी. महिन्याचा किराणा तिथेच भरत असाल तर पॉइंट घ्या. नुसत्या वह्यांसाठी कार्ड काढण्यात अर्थ नाही. पॉइंट कधी जमा होतात आणि कधी बाद होतात, एवढं काउंटरवर विचाराच. पॉइंट नको असतील तर मोबाइल नंबर देण्याचीही गरज नाही. दुकानांनी त्यासाठी अडून बसू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दिली आहे.

‘तीनवर एक मोफत’ म्हणजे २५ टक्के, पण चारच्या पटीत घेतलं तरच. सहा वह्या हव्या असतील तर पाचांचे पैसे जातात, सूट १७ टक्क्यांच्या आत येते. शिवाय मोफत धरतात ती सर्वांत स्वस्त वस्तू. ८० च्या तीन लाँगबुकांसोबत ४० ची वही ठेवलीत तर २८० वर ४० च सुटतात. एका किमतीच्या वस्तू एका बिलात घ्या.

मोठ्या टक्क्याला भुलण्याआधी पानं बघा. ६० रुपयांची १४० पानी वही २० टक्के सुटीने ४८ ला, म्हणजे पानामागे ३४ पैसे. तेवढ्याच किमतीची १७२ पानी वही १० टक्क्यांनी ५४ ला, पानामागे ३१ पैसे. आकार मात्र सारखा हवा, आणि कागदही: पातळ कागदावर शाईपेनाचं लिखाण मागे उमटतं, मग एकच बाजू वापरली जाते.

वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, त्यामुळे ‘कर आम्ही भरतो’ ही त्यांच्यावर सवलत होत नाही. दप्तराला कर आहे, पण तो छापील किमतीत धरलेला असतो. वर वेगळा लावला तर देऊ नका. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शाळेत बाईंनी नेमकी कुठली वही सांगितली ते कळेपर्यंत कव्हर घालू नका, नाव लिहू नका, बिल जपून ठेवा. आणि घेतानाच विचारून ठेवा: माल परत केला तर रोख मिळते की क्रेडिट नोट (त्याच दुकानात तेवढ्या रकमेची खरेदी करायची चिठ्ठी), आणि परतीनंतर बिल ३००० च्या खाली आलं तर कूपनचे पैसे कापणार का.