वेल्समध्ये नोकरी लागली, आता वेल्श किती शिकायची?

कार्डिफ-स्वानसीत इंग्रजीवर सगळं भागतं. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या तीन वर्षांवरच्या १७.८ टक्के लोकांनीच वेल्श येते असं सांगितलं. वायव्येकडच्या ग्विनेदमध्ये मात्र हाच आकडा ६४.४ टक्के. तेव्हा तिथल्या बँगोर शहराच्या विद्यापीठात किंवा इस्पितळात रुजू होणार असाल, तर कार्डिफच्या मित्राचा सल्ला बाजूला ठेवा.

नगरपालिका, आरोग्य मंडळ अशा सरकारी संस्थांच्या जाहिरातीत वेल्शबद्दल चारपैकी एक शेरा असतो: अत्यावश्यक, रुजू झाल्यावर शिकावी लागेल, असल्यास उत्तम, गरज नाही. आपली माणसं दुसरा शेरा वाचूनच पान उलटतात. आज एक शब्द येत नसला तरी तिथे अर्ज करता येतो. मुलाखतीत एवढं विचारून घ्या: कोणत्या पातळीपर्यंत, किती मुदतीत, आणि वर्ग कामाच्या वेळेत की सुट्टीच्या दिवशी? उत्तर लेखी मागा. राष्ट्रीय वेल्श शिक्षण केंद्राची पहिली पातळी ‘मनेद्याद’, आणि नोकरदारांसाठी ‘कम्राइग ग्वाइथ’ हे वेगळे अभ्यासक्रम आहेत.

पहिल्या आठवड्यात फोनवर ‘बोरे दा’ (सुप्रभात) एवढं पुरे. समोरच्याने पुढचं सगळं वेल्शमध्ये सुरू केलं, तर ‘दुईन डस्गी कम्राइग’, मी वेल्श शिकतोय, म्हणा. छातीवर नारिंगी संवादफुग्याचा बिल्ला असेल त्याला वेल्श येते. सराव तिथेच करावा. ‘ती’ आणि ‘खी’ म्हणजे आपलं तू-तुम्ही. रुग्ण आणि वरिष्ठ यांना ‘खी’च.

खरी अडचण शब्दाच्या सुरुवातीची. ‘पुणे’चं ‘पुण्यात’ होताना आपला शब्द शेवटाकडे बदलतो, वेल्शमध्ये पहिलं अक्षरच बदलतं. कार्डिफ म्हणजे काइरदीद. कार्डिफला ‘ई गाइरदीद’, कार्डिफमध्ये ‘अङ ङ्हाइरदीद’. बँगोरमध्ये म्हणायचं तर ‘अम मांगोर’. म्हणून शंभर ग्राहकांना एकाच साच्यातून पत्रं पाठवताना रिकाम्या जागी नुसतं गावाचं नाव भरलं की निम्मी पत्रं चुकतात. तक्त्यात गावाऐवजी ‘अमुक गावात’ हा अख्खा शब्दसमूह भरून घ्या. संकेतस्थळावर शोध घेतानाही हीच गोची: मूळ नाव टाकलं तर बदललेली रूपं सापडत नाहीत.

अर्जातली हो-नाहीची बटणं आणखी वाईट. सगळीकडे चालेल असं एकच ‘हो’ वेल्शमध्ये नाही. प्रश्नातल्या क्रियापदानुसार उत्तर ‘अदू’, ‘ओइस’, ‘दो’ असं बदलतं. भाषांतरकाराला नुसतं बटण पाठवू नका, प्रश्नासकट पाठवा. आणि आलेला मजकूर वेल्श येणाऱ्याच्या नजरेखालून घातल्याशिवाय छापू नका. २००८ साली स्वानसीत अवजड वाहनांसाठीच्या फलकावर वेल्शमध्ये ‘मी सध्या कार्यालयात नाही’ असं झळकलं होतं. भाषांतर म्हणून छापलं गेलं ते ईमेलचं आपोआप आलेलं उत्तर होतं!

छपाईआधी फाँटही तपासा. वेल्शमधल्या डब्ल्यू आणि वाय या अक्षरांवरची टोपीसारखी खूण काही फाँटमध्ये नसते, आणि तिथे रिकामा चौकोन उमटतो.